धोंड्याची पौर्णिमा

मी गोदाबाई. मोर्शीपासून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव, आणि या गावची आशा मी. सतरा वर्षं झाली या कामाला. तोंडावर लोक 'आशाताई' म्हणतात, पाठीमागं 'गोळ्यावाली'. म्हणोत बापडे. माझी जीभ जरा तिखट आहे आणि लोकांना ती आवडत नाही, पण दुखणं-खुपणं आलं की पहिली हाक मलाच असते.

आज रागिणीचं सांगते. तिचं सांगायचं म्हणजे माझी एक चूक कबूल करावी लागते. मी काही चुका लपवणाऱ्यातली नाही.

रागिणी परतवाड्याची. बापाचं तिथं बाजारात फुलांचं दुकान. वीस वर्षांची असताना योगेशशी लग्न होऊन आमच्या गावात आली. योगेशकडे संत्र्याची बाग, शिवाय कलमं तयार करून विकायची नर्सरी. माणूस कामाचा, स्वभावानं गरीब. पोरीचं एकच खूळ होतं, तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. "काहून?" हा शब्द तिच्या तोंडातून दिवसाला पन्नासदा निघायचा. बिस्किटाचा पुडा आणला तरी मागची बारीक अक्षरं वाचून मगच फोडणार. पहिल्या खेपेला मी तिला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, तर बाकीच्या बाया मुकाट्यानं पदरात बांधून नेतात, ही म्हणते, "चहासोबत नोको म्हनता, पन काहून नोको?" मी सांगितलं, चहानं गोळी अंगी लागत नाही. तेव्हा कुठं तिचं समाधान झालं. तिची सासू गंगूबाई कपाळाला हात लावून म्हणायची, "सून म्हनून आनली, वकील निघाली माय!"

गंगूबाई वाईट बाई नाही, हे आधीच सांगते. पण त्या घरात तिच्याशिवाय पान हलत नाही. उपास, व्रतं, सोळा सोमवार, कोणती तिथी कधी लागते आणि कधी सुटते, सगळं तिच्या बोटांवर. गावात कोणाला सत्यनारायण घालायचा असला तरी आधी गंगूबाईला विचारून येतात.

पहिलं पोरगं सुखरूप झालं. त्यानंतर मी रागिणीच्या मागं लागले की आता काहीतरी वापर. ती तयार होती. योगेश लाजत लाजत म्हणाला, "मी घेतो न सांभाळून. गोळ्या न फिळ्या कायले पाह्यजे?" त्यानं सांभाळलं ते असं, की पोरगं तीन वर्षांचं होत नाही तोच दुसरी खेप. त्या वर्षीच्या ऐन दिवाळीत, दिवस पुरे भरायच्या आधीच तिला रक्त जायला लागलं. जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. चांदूर बाजारही मागं पडलं नव्हतं तर ती म्हणाली, "काकू, पाय थंडे पडून राहिले." आणि मग बोलायचीच थांबली. मी तिचे गाल थोपटत अमरावतीपर्यंत कशी गेले ते माझं मला ठाऊक. सिझर केलं, रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. पोरगी झाली दीड किलोची, ती काचेच्या पेटीत.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाळणा बंद करायच्या ऑपरेशनचं विचारलं तेव्हा गंगूबाई म्हणाली, "लेकरू जगू द्या पैले, मंग पाहू." त्यात ती चुकली असं मी म्हणणार नाही. पण नंतर बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आशाताई, हिला तीन वर्षं दिवस जाता कामा नयेत. लवकर गेले आणि टाका उसवला, तर ही इथपर्यंत पोचणार नाही." हे वाक्य मी त्या दिवसापासून डोक्यात घेऊन फिरत होते.

महिनाभरानं मी रागिणीच्या घरी गेले. गंगूबाई भजनाला गेली होती. पोरगी झोळीत झोपलेली आणि ओट्यावर गळालेल्या संत्र्यांचा ढीग पडलेला. रागिणीनं दार लोटलं आणि म्हणाली, "काकू, आज मले सगळं सांगा. कोन्तं किती पक्कं हाये? मनाले बरं वाटन असं नोका सांगू."

मी खाली बसले, ढिगातली संत्री तिच्यापुढं ओढली. म्हटलं, "समज, ह्या शंभर बाया. काहीच नाही वापरलं तर वर्षभरात यातल्या पंच्याऐंशी जणींना दिवस जातात."

"अन् यायचं सांभाळनं?"

"नवऱ्याच्या सांभाळण्याला शंभरात वीस."

तिला हसू आलं, मग तोंड उतरलं. "म्हंजे मी त्या विसातली."

"निरोध वापरला तर तेरा."

"काहून? फाटते का?"

"फाटतो कमी, खिशातच राहतो जास्त." यावर ती इतकी हसली की पोटाचा टाका धरून बसली. मी तिला रागावले. रोजच्या गोळीला शंभरात सात, पण माला-एन अंगावर पाजणाऱ्या बाईला सहा महिने द्यायची नसते. तीन महिन्यांच्या सुईला चार. तांबी बसवली तर शंभरात एक, तीही मुश्किलीनं. बायकांच्या ऑपरेशनचं तसंच. "आणि पुरुषाचं ऑपरेशन सगळ्यात पक्कं," मी म्हटलं. "टाका नाही, दवाखान्यात राहायचं काम नाही. तीन महिने जपलं, तपासणी केली की झालं."

"मंग गावात एकाही मानसानं काहून नाई केलं?"

"ते तुझ्या सासूला विचार."

तिनं सुईची चार संत्री जवळ ओढली. त्यांच्याकडं बघत म्हणाली, "ह्या चौघी कोन्त्या पन? सुई घेऊनई यायले दिवस काहून गेले?"

हा प्रश्न मला प्रशिक्षणातही कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं, "एक असते कागदावरची बाई. ती ठरल्या दिवशी येते, सुई घेते, घरी जाते. तिच्यात हजारात दोघी चुकतात. दुसरी असते आपल्या गावातली बाई. तिची जीप चुकते, लेकरू तापानं फणफणतं, सासू घराबाहेर सोडत नाही. ह्या चौघी त्या."

"मी कागदावरची होईन," रागिणी म्हणाली. एकदम ठासून.

सुईच का, तेही सांगते. तिचं रक्त तेव्हा सातवर होतं, तांबीनं पाळीला जास्त रक्त जाऊ शकतं म्हणून डॉक्टरीणबाईंनी तूर्त थांबायला सांगितलं होतं. सुईनं उलट पाळी कमी होते, कित्येकींची बंदच होते. पण गंगूबाईच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की पाळी बंद झाली की रक्त डोक्यात चढतं आणि बाई बयताड, वेडी होते. मी दोनदा समजावलं, तिनं दोनदा मला चहा पाजून वाटेला लावलं. योगेशला सांगावं, तर आईला सांगितल्याशिवाय त्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही. म्हणून दोघींनी ठरवलं, कोणालाच सांगायचं नाही. सुईचं कार्ड माझ्या घरी राहील. मोबाइलात आठवण लावावी, तर ती वाजली की घरभर विचारणार, हे कायचं वाजलं?

आणि इथं मी माझी हुशारी चालवली. आमच्या बायका तारखा विसरतात, पौर्णिमा विसरत नाहीत. म्हणून मी सगळ्यांना पौर्णिमेचा हिशोब देत आले. पहिली सुई दत्तजयंतीला दिली. तीन पौर्णिमा मोजल्या, दुसरी होळीला. परत तीन पौर्णिमा, तिसरी वटपौर्णिमेला. वटपौर्णिमेला तर रागिणी हातात पूजेचं ताट घेऊन वडाला निघाली, वाटेत उपकेंद्रात शिरली, दामिनी सिस्टरकडून दंडावर सुई टोचून घेतली आणि तशीच जाऊन वडाला सूत गुंडाळून आली. सिस्टर आणि मी पोट धरधरून हसलो. मी तिला परत बजावलं, "तीन पौर्णिमा. विसरजो नोको."

त्या वर्षी अधिक श्रावण होता, धोंड्याचा महिना. योगेश जावई म्हणून परतवाड्याला अनारसे खाऊन आला. माझ्या डोक्यात धोंड्याचं काही आलंच नाही. याआधीच्या धोंड्याला मी गावातच होते, ज्या-त्या बाईच्या दारात स्वतः जाऊन उभी राहत होते, म्हणून हा खड्डा कधी दिसला नव्हता. आता माझी लेक वर्षाली अकोल्याला बाळंतपणाला बसली होती, आणि खरा श्रावण लागताच मला तिकडं जावं लागलं. नातवाला कावीळ निघाली, मग काय, पंधरा दिवसांचे दीड महिना झाले.

तरी राखीच्या आधी मी अकोल्याहून रागिणीला फोन केला होता. मागं गंगूबाईचा आवाज येत होता. मी म्हटलं, "ध्यानात आहे ना?" ती हळूच म्हणाली, "हाव काकू, ध्यानात हाये. तिसऱ्या पौर्णिमेले." मी तिसरी म्हणजे राखीची समजले आणि निवांत झाले. सिस्टरला वाटलं, गोदाबाई फोनवर बघून घेत आहे. तिच्याकडं पाच गावं, ती तरी कुठं कुठं बघणार?

अकोल्याहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी सिस्टर उपकेंद्रात बसते. मी तिथं पिशवी ठेवते न ठेवते तोच रागिणी दारात. रक्त चांगलं भरलेलं, गाल वर आलेले, पोरगी कडेवर. म्हणाली, "काकू, शुक्रवारीच पौर्णिमा झाली, पन सिस्टर मोर्शीले मीटिंगले गेली होती. चार दिवसांनी काही होत नाई न?"

मी म्हटलं, "कोणती पौर्णिमा?"

"ही काय, भादव्याची. तिसरी."

पिशवीतून मी तिचं कार्ड काढलं. मी एकदा मोजलं, परत मोजलं. म्हटलं, "अवं, तिसरी राखीची होती. आषाढाची एक, धोंड्याची दुसरी, राखीची तिसरी."

रागिणी म्हणाली, "पन धोंड्याची नाई धरत न. मी आईले विचारलं होतं. असंच, गोष्टीगोष्टीत. त्या म्हने, मलमास गनतीत नसते, धोंड्याची पौर्णिमा मोजाची नाई."

व्रताच्या मोजणीत खरंच धरत नाहीत हो. सोळा सोमवार करणारी बाई मध्ये धोंडा आला तर तेवढा सोडून देते. गंगूबाईनं तिच्या परीनं बरोबरच सांगितलं होतं. पोरीच्या अंगातली सुई मलमास पाळत नाही, हे सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नव्हतं.

दामिनी सिस्टरनं कॅलेंडर घेतलं आणि आठवडे मोजले. सुईला तेरा आठवडे, उशीर झाला तर वर चार आठवड्यांची सवड, तीही पुढची सुई देण्यापुरती, पक्का भरवसा तेराचाच. एकूण सतरा. रागिणीला सतरा होऊन वर तीन दिवस झाले होते. "फक्त तीन दिवस," मी म्हटलं, जशी काही सिस्टरनं सही मारली की ते तीन दिवस मागं जाणार होते. सिस्टरनं विचारलं, "एवढ्यात नवऱ्याजवळ?" रागिणीनं मान खाली घातली. "गनपतीच्या दिवसांत. आठ-दहा दिवस झाले." तातडीची गोळी तीन दिवसांच्या आत घ्यावी लागते, तिचा तर प्रश्नच संपला. लघवीची तपासणी केली, एकच रेघ आली. मी देवाचं नाव घेणार तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "खूश नका होऊ काकू. इतक्या लवकर कळत नाही. तीन आठवड्यांनी परत करू. तोवर सुई नाही देत मी, निरोध वापरायचा." पाळीवरून ओळखावं, तर पाळी होळीपासूनच बंद. म्हणजे आत काय चाललं आहे ते कळायला दुसरा कोणताच मार्ग नव्हता.

उपकेंद्राच्या पायऱ्या उतरताना रागिणी एकच बोलली. "काकू, टाका उसवते का वं?"

"काही नाही होत," मी म्हटलं. खोटं बोलले.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. भाजी फोडणीला टाकायची आणि मीठ विसरायचं. रोज काही ना काही निमित्तानं त्यांच्या दारावरून जायचं. रागिणी धुणं वाळत घालताना दिसली की जीव भांड्यात पडायचा, ती कमरेवर हात ठेवून उभी दिसली की परत वर यायचा. ती खुणेनं विचारायची, मी खुणेनंच मान हलवायची, दोघींना ठाऊक काहीच नव्हतं. एकदा विहिरीजवळ गाठली तर म्हणाली, "काकू, काल मले मातीचा वास चांगला लागला. पैल्या टायमालेई लागला होता." मी म्हटलं, वास कोणालाही चांगला लागतो. ती म्हणाली, "माह्यापुढं खोटं नोका बोलू. झालं असन तर मी मरन का, येवढं सांगा."

तेव्हा मी तिला नीट सांगितलं. सगळ्याच मरत नाहीत, पण तुझा टाका वर्षाचाही झाला नाही आणि गेल्या खेपेचं तू पाहिलंच आहेस. लवकर कळलं तर रस्ता आहे. कायद्यानं आहे, दवाखान्यात होतं, चोरून काही करायचं नाही. कोणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोळ्या आणून खाशील तर मी तुझी चांगलीच खबर घेईन. तिनं ऐकून घेतलं. "घरी सांगा लागन," म्हणाली, आणि कळशी उचलून निघून गेली.

नवरात्रातल्या अष्टमीला गंगूबाईनं मला बोलावणं धाडलं. गेले तर योगेश ओट्यावर बसलेला, गंगूबाई दारात उभी, आणि मोरीतून रागिणीच्या उलटीचा आवाज. गंगूबाई म्हणाली, "गोदे, सकाळपासून तिसरी उलटी हाये. या थंडीत ऑपरेशन कराचं ठरवलं होतं, पन देवीच्या मनात दुसरंच दिसते." तिच्या तोंडावर हसू होतं, पण डोळे घाबरलेले होते. तोंड उघडावं तर रागिणीची गोष्ट फुटते, गप्प राहावं तर दिवस वाया जातात.

रागिणी मोरीतून तोंड पुसत बाहेर आली. भिंतीला टेकून उभी राहिली आणि सरळ सांगून मोकळी झाली. "आई, मी सुई घेत होती. तीन महिन्याची. दिवस जाऊ नये म्हनून. तुमाले न सांगता."

योगेश उठून उभा राहिला. "मले काहून नाई सांगतलं?"

"तुमच्या भरोशावर राहून तं मराले टेकली होती मी," रागिणी म्हणाली. तो परत खाली बसला.

गंगूबाई माझ्यावर उलटली. "अन् तू वं गोदे? माह्या घरचं खाऊन-पिऊन माह्याच सुनेले..." मी म्हटलं, काय बोलायचं ते मला बोला, मी ऐकून घेते. पण रागिणी मध्येच म्हणाली, "आई, घेतली असती तं काही झालं नसतं. घ्याची राहून गेली. मी तुमाले विचारलं होतं न, धोंड्याची पौर्णिमा धरतेत का नाई?"

गंगूबाईनं उंबरठा धरला. तिला आठवलं, ते मला दिसलं. ती हळूहळू दारातच खाली बसली. "मी म्हटलं, नाई धरत," ती म्हणाली. "माय वं! मीच सांगतलं."

"तुम्ही नाही, मी," मी म्हटलं. "पौर्णिमा मोज असं सांगणारी मीच."

"गप बस तू!" गंगूबाई माझ्यावर ओरडली आणि पदर तोंडात घालून रडायला लागली. "त्या दिवाळीले हिचं लुगडं म्या धुतलं होतं. तीन पान्यानं रंग नाई गेला त्याचा."

दसऱ्याच्या दिवशी दामिनी सिस्टरनं परत तपासणी केली. गंगूबाई सोबत आली होती, सिस्टरनं तिला बाहेर थांबवलं. पट्टीवर पहिली रेघ आली. आम्ही तिघी त्या पट्टीकडं बघत होतो. मी मनात म्हणत होते, नको, नको, नको. दुसरी रेघ फिकट आली, पण आली. रागिणीनं काही आरडाओरडा केला नाही. खाली बसली आणि दोन्ही हात पोटावर ठेवले, गेल्या खेपेच्या टाक्यावर. सिस्टर तिला म्हणाली, "ठेवायचं की नाही ते तू ठरवायचं. धोका काय आहे ते डॉक्टर नीट सांगतील. पण आता दिवस घालवू नको."

दोन दिवस त्या घरातून काही निरोप नाही. मला वाटलं, गंगूबाई आता पाप-पुण्य काढणार आणि पोरीला घरात बसवणार. मी मनात तिच्याशी दहा वेळा भांडून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गंगूबाईच माझ्या दारात. हातात कपड्यांची पिशवी, पाण्याची बाटली. "चाल," म्हणाली. "पोट्टी म्हन्ते, जाऊ. योगेश जीप घेऊन उभा हाये." रस्ताभर ती रागिणीचा हात धरून बसली होती. रागिणी खिडकीतून बाहेर बघत होती. मला सारखे तिचे पाय दिसत होते. मध्येच मी वाकून तिच्या पायाला हात लावून पाहिला. गरम होता.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. सोनोग्राफी केली, कागद वाचले. म्हणाल्या, "सहावा आठवडा आहे. लवकर आलात ते बरं केलं. टाक्याच्या जागी नाही, हेही नशीब. पण गर्भपात इथंच, आमच्या नजरेखाली करू. घरी गोळ्या देऊन पाठवणार नाही मी." रक्त साडेदहा निघालं. मला जरा श्वास घेता आला. मग त्यांनी विचारलं, "आणि पुढं काय वापरायचं?"

"बाईचं ऑपरेशन करून टाका," गंगूबाई म्हणाली. "यकदाचं निपटून जाईन."

"नाई, तिचं नोका करू. माहं करा," योगेश म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी वाचलं मोबाइलवर. मी तयार हावो."

"तुहं?" गंगूबाई त्याच्याकडं वळली. "कलमं कोन बांधन मंग? कंबर गेली म्हंजे?"

"कंबरेचा काही संबंध नाही गंगूबाई," मी म्हटलं. "पण मॅडम, आता रक्त भरलं आहे. तांबी बसवली तर दहा वर्षं बघायला नको, पोरीला काही मोजायलाच नको..."

आम्ही तिघंही एकदम बोलत होतो. मी हातवारे करून डॉक्टरांना समजावत होते, योगेश आईला समजावत होता, गंगूबाई मला गप्प करत होती. रागिणी मध्ये खुर्चीत बसली होती. तिनं टेबलावर हात ठेवला.

"तुमी तिघंई बाहेर जा," ती म्हणाली.

"अवं, पन..."

"जा आई. काकू, तुमीई. मले डॉक्टरीणबाईशी एकटीले बोलाचं हाये."

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. दार बंद झालं. आतून आवाज येत होते, रागिणीचा जास्त, बाईंचा कमी. ती विचारत होती, बाई उत्तर देत होत्या. शब्द काही कळत नव्हते. अर्ध्या तासानं नर्स कागद घेऊन बाहेर आली आणि तिनं रागिणीचं नाव घेतलं. योगेश लगबगीनं उठला. खिशातून पेन काढलं. "मी नवरा हावो. सही कोठी करू?"

"सही झाली. त्यांनी केली," नर्स म्हणाली. "त्यांचीच लागते. तुम्ही थांबा फक्त."

योगेश पेन हातात धरून तसाच उभा राहिला. मग बसला. गंगूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गोदे, काय ठरवलं असन तिनं?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

दुपार सरली. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक नर्सकडं आम्ही बघायचो, ती आमच्याकडं न बघता निघून जायची. एकदा आत काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला, तर गंगूबाई उठून दारापर्यंत गेली आणि हात न लावता परत आली. चार वाजून गेल्यावर दार उघडलं. रागिणी स्वतःच्या पायांनी आली, एक हात भिंतीला लावून, तोंड पांढरं पडलेलं. आम्ही तिघंही उभे राहिलो. गंगूबाईनं बाटली पुढं केली. रागिणीनं दोन घोट पाणी घेतलं, बाटलीला झाकण लावलं.

"आई, मले काही विचारू नोका," ती म्हणाली. "मी काय केलं, काय घेतलं, काहीच नाई."

गंगूबाईचे ओठ हलले. तिच्या जिभेवर दहा प्रश्न होते, ते मला दिसत होते, कारण माझ्याही जिभेवर तेच होते. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि सुनेच्या काखेत हात घातला.

"नाई विचारत माय," गंगूबाई म्हणाली. "तू चाल फक्त. दमानं चाल."